गुलछडीचा वास

८ मे २०२१

आज गुलछडी तोडताना वासच आला नाही! आधी वाटलं मास्कमुळं. मास्क काढला, कळ्या नाकाला लावल्या — काही नाही. मार्केट बंद आहे, फुलं तोडून बांधावर फेकायची, तरी सासूबाई रोज शेतात धाडतात.

कालच यांचा दहावा झाला. आता हे कुणाला सांगू? धाकटे दीर, बाळासो भाऊजी, काल सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, तुमाला कायबी झालं तर सरळ माहेरी. सायली ऱ्हाईल हितंच, आमच्या घरची पोर हाय." एकदा बाहेर पडले की हे दार परत उघडायचं नाही. पोरीचं तोंडही दिसायचं नाही. सहा वर्षांची आहे ती!

९ मे

कांदा कापला. डोळ्यांत पाणी आलं, नाकात काही नाही.

१० मे

सासूबाईंचं आजही तेच — "बांगड्या भराया दौंडला कडमडली आन् रोग घिऊन आली. माझा इंद्रजीत गिळला हिनं!"

त्या बांगड्या दहाव्याला त्यांनीच फोडल्या. मनगटं अजून चुरचुरतात. खरंच मीच आणला असला तर? दवाखान्यात यांचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही, माफी तरी कुणाची मागू?

सायलीला आजपासून आजीजवळ झोपवणार. माझ्याजवळ नको. रडली कार्टी. "मम्मी, मी काय केलं?"

१२ मे

आज मेलेच होते! चुलीवर दूध करपलं. मी शेजारीच ज्वारी निवडत बसलेले, आणि मला पत्ताच नाही. भाऊजी अंगणातून ओरडत आले — "आख्ख्या आळीत वास सुटलाय! नाक गहाण टाकलं का काय, वैनी?" आणि माझ्याकडं बघतच राहिले.

सासूबाई माझ्याजवळच बसल्या होत्या. चटकन म्हणाल्या, "मीच तिला बोलत बसिवलं. जा, तुजं काम बघ."

मला वाचवलं? त्यांनी? आम्ही तर एक अक्षर बोललो नव्हतो!

१३ मे

धीर करून विचारलं. काल तुम्हाला तरी वास आला होता का?

पदर तोंडाला लावून बसल्या. मग म्हणाल्या, न्हाई. सुप्याला भाचीच्या हळदीला गेल्या होत्या, तिथून आल्यापासून नाही. म्हणजे हे आजारी पडायच्या आठ दिवस आधी. मी दौंडला गेले त्याच्याही आधी!

मी ओरडणारच होते. सगळ्या आळीला ऐकवणार होते. त्यांनी माझं मनगट धरलं, तेच, चुरचुरणारं.

"बाळासोला सांगू नगंस, पोरी. त्यो मला घरात ठिवायचा न्हाई. मला तर माहेरबी न्हाई."