चार रेघा, दोन टिकल्या

३ फेब्रुवारी
पुतळीला कोणीतरी गंडवलं! दोनशेची म्हणून शंभराची नोट टेकवली. डोळे गेलेल्या बाईला! दोन वर्षं झाली दिसत नाही, तरी बोर्डीच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसते. आता तिची सून म्हणते, "उद्यापासून घरीच थांबा." पुतळी आमच्या ओट्यावर आली ती रडत नाही, चिडून. "अण्णा, घरी बसून काय माशा मारू?"

म्हटलं, बस इथे. पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. डोळे मिटून नोट सांगायचो. पंधरा दिवसांत तुला तयार करतो!

५ फेब्रुवारी
शिकवणी सुरू. नोटेच्या दोन्ही कडांना उठावाच्या तिरप्या रेघा असतात — शंभराला चार, पाचशेला पाच. दोनशेला चारच, पण मधे दोन टिकल्या. लोक जन्मभर नोटा मोजतात, बघत कोणी नाही. मागची चित्रंही सांगायला लागलो — शंभरावर राणीची वाव, म्हणजे गुजरातेतली पायऱ्यांची विहीर, दोनशेवर सांचीचा स्तूप. पुतळी म्हणाली, "चित्रं राहू द्या, रेघांचं बोला." बरं बाई.

८ फेब्रुवारी
तिच्यासाठी सगळं नीट टाइप करायला घेतलं. रुपयाचं चिन्ह कुठे सापडेना. माझी सून मयूरी म्हणाली, "उजवीकडचा ऑल्ट धरा आणि चार दाबा." दाबलं. ₹₹₹₹! एकदम चारदा! मयूरी म्हणे, बोट उचलायचं असतं, अण्णा. उचललंच होतं! कीबोर्ड भिकार आहे, दुसरं काय.

९ फेब्रुवारी
दोन पानं छापली. सुबक, मोठ्या अक्षरात. मयूरी बघत राहिली आणि हसत सुटली. "अण्णा, पुतळीमावशी हे वाचणार कशा?"

च्यायला!

१० फेब्रुवारी
हार मानणारा मी नव्हे. तोच मजकूर पुतळीच्या मोबाइलवर पाठवला, मोबाइल तिला वाचून दाखवतो. आळस करून काही ठिकाणी इंग्रजी आर-एस टाइप केलं होतं, तिथे तो "आर एस, आर एस" करत बसला. चिन्ह टाकलं तिथे मात्र स्वच्छ "रुपये". मग सगळीकडे चिन्हच घातलं. हे बँकेतल्या आजच्या पोरांना तरी माहीत असेल का?

संध्याकाळी चहाचं पातेलं उतरवलं तर मयूरी किंचाळली, "अण्णा, फडकं!" मला काही चटका बसला नाही. उगाच घाबरते. वर म्हणते, चिकू कमी खा. बाग माझी, चिकू माझे!

१४ फेब्रुवारी
पुतळी झपाट्याने शिकतेय. बोंबील नीट वाळला की दमट राहिला, हे बोटांनी सांगणारी बाई! टिकल्यांवर अडते एवढंच. म्हटलं, बघ, असं. डोळे मिटले, मयूरीने नोट हातात दिली. मी म्हटलं शंभर. मयूरी म्हणाली, दोनशे.

नोट झिजलेली असणार. झिजलेल्या नोटेत कोणाला काय लागणार! पुतळीने ती मागून घेतली, बराच वेळ चाचपत बसली.

१९ फेब्रुवारी
आज ती एकटी बसली. मी समोर नारळवाल्याच्या आडोशाला उभा. एकाने नोट पुढे केली. पुतळीने कडेवरून बोट फिरवलं. "दादा, ही शंभराची. दोनशेची काढा." सगळा बाजार हसला! तिची सून शेजारच्या बाईला सांगत होती, "आमच्या आईंना कोण फसवणार?" असा आनंद निवृत्तीनंतर पहिल्यांदा झाला. शिकवावं तर असं!

२० फेब्रुवारी
पुतळी बोंबलाची पुडी घेऊन आली. माझा हात धरला, एकेक बोट दाबून पाहिलं. "अण्णा, त्या दिवशीची नोट कोरी होती. टिकल्या मला लागल्या. माझ्या नवऱ्याचं साखरेने असंच झालेलं, मी डॉक्टरकडे न्यायला उशीर केला."

उद्या सकाळच्या एसटीने डहाणूला, रक्त तपासायला. ती सोबत येतेय. तिकीट तीच काढणार म्हणते. नोटा तिलाच कळतात.