पाचव्या कड्याशी अर्धी बाटली

३ मे

काय करून बसले मी! हात झडले का नाहीत माझे—

नऊ वर्षं आम्ही जंगलातल्या त्या तुकड्यावर छप्पर घालून पाऊस अडवतोय. दुष्काळ लांबला की माती किती श्वास सोडते, तिच्यातले जिवाणू तगतात की मरतात, ते बघायला. आणि आज डबा खाल्ल्यावर मातीत रोवलेल्या पाच नंबरच्या गोल कड्यात एक कोंब दिसला. बोटाएवढाही नाही, मान टाकलेला. बाटलीत अर्धं पाणी होतं. ओतलं!! म्हणे संशोधक.

वर बाटलीचं झाकणही कुठे पडलं.

४ मे

कड्यावर मातीचा श्वास मोजायचं यंत्र बसवलं. आकडा नेहमीच्या चौपट! कोरड्या मातीला पाणी मिळालं की निजलेले जिवाणू खडबडून जागे होतात— हे मीच नव्या मुलांना शिकवते. आकडा खोडणार होते. पण का खोडला ते सांगावं लागलं असतं. तसाच पाठवला.

५ मे

आकडा बघून प्रकल्पप्रमुख मॅडम स्वतः आल्या. माती चिमटीत धरून म्हणाल्या, "ओल आहे. छप्पर गळतंय." रविवारी पावसाची एक सर येऊन गेलेली, त्यामुळे शंकाच नको.

सुतारकाकांना बोलावलं. नऊ वर्षं ते छप्पर सांभाळणारा माणूस. "एवढं एक काम होतं तुमच्याकडे!"— सगळ्यांसमोर. काका खाली मान घालून उभे. "बघतो मॅडम, राहिलं असेल कुठेतरी." जाताना एकदा माझ्याकडे बघितलं. मी वायर गुंडाळत बसले. गुंडाळलेलीच वायर!

६ मे

काका दिवसभर छपरावर, उन्हात. भोक सापडेना. सापडणार कुठून?

८ मे

काकांना कामावरून काढलं.

नवरा म्हणाला, "तोंड का उतरलंय?" म्हटलं, ऊन लागलं. लाज वाटत नाही का मला? वाटते. घास उतरत नाही इतकी वाटते. पण तोंड उघडेल तर शपथ.

९ मे

सांगितलं. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून, एका दमात. त्यांनी पाच नंबरची वही मिटली. मग म्हणाल्या, "पाच नंबरची नऊ वर्षं पाण्यात गेली, ते सोसेन एक वेळ. पण त्या माणसाला मी नाही नाही ते बोलले आणि तू ऐकत होतीस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांना परत घ्यायचं ठरलं. फोन मीच केला. रडत माफी मागितली. "उद्या येऊन जातो," एवढंच म्हणाले.

१० मे

काका आले. खिशातून बाटलीचं झाकण काढून माझ्या हातावर ठेवलं. निळं. माझंच.

"मॅडम बोलल्या ना, त्याच दिवशी कड्याशी सापडलं. म्हटलं, ताई सांगतील आज ना उद्या."

कामावर येणार नाहीत.