मेले बाजूनं

३ नोव्हें., सोम.
गेमची चाचणी-प्रत खेळाडूंच्या हाती जाऊन आठवडा झाला. माझं काम त्यांची भांडणं वाचायची आणि पुण्याला मुक्ताकडे सार पाठवायचं. गेम तिचा, संवाद माझे. दोन तट पडलेत. एक म्हणतो, नकाशावर बाण द्या, गावोगाव रस्ता विचारत फिरायला वेळ कुणाला आहे, अशाने नवे लोक येणार कसे. दुसरा म्हणतो, बाणच हवा तर रोल-प्लेइंग गेम कशाला खेळता, रिक्षा करा. दोन्ही पटतं. खरं तर काहीच पटत नाही, नुसतं वाचते.
अम्माचं एकच, "माझी नावाडीण आली का गे?" आली म्हटलं. नावाडणीला आवाज अम्माचा. थोडीच वाक्यं, पण इथे तमिळ मुलखात आमच्या घरी चालते त्या तंजावरी मराठीत. ते मुक्ताच्या गळी उतरवताना नाकी नऊ आले होते.

५ नोव्हें., बुध.
घोळ सापडला. नावाडीण सांगते, "मेले बाजूनं जा, तिथं पाणी ढोपराएवढं." आणि सगळे उलट्या बाजूने जाऊन बुडतात. एकाने लिहिलंय, 'म्हातारी म्हणाली मेले, बाजूनं जा. म्हणून बाजूने गेलो, तर मीच मेलो.'
वाचलं, तरी ट्यूब पेटायला दुपार झाली. आमच्याकडे मेले म्हणजे पश्चिमेचं. तमिळमधून घरात कधी आलं कोण जाणे. मेल वीथीत, म्हणजे देवळाच्या पश्चिमेच्या रस्त्यावर, जन्म गेला माझा. त्यात कोणी मेलेलं कधी ऐकू आलं नाही. हसू यायला हवं होतं.

८ नोव्हें., शनि.
बाण नको म्हणणाऱ्या जुन्या खेळाडूंनी नवीनच काढलंय. नावाडीण भूत आहे, मुद्दाम फसवते, असली कोडी हल्ली बनवतं कोण, एक अक्षर बदललंत तर याद राखा. आमच्या बाजूने लढताहेत, तेही चुकीचं ऐकून. नव्यांपैकी एक, 'बाण द्या आणि म्हातारीला गप्प करा.' राग आला. काहीतरी आलं म्हणून बरंही वाटलं. जेवेपर्यंत गेला.
अम्मा गोविंदपुरमला भजनाला गेली होती. तिथल्या बायकांना सांगून आली, "माझा आवाज पुण्यात अस्क्यांला ऐकू येते." अस्के म्हणजे झाडून सगळे.

११ नोव्हें., मंगळ.
मुक्ताचा फोन. "अगं, एक तर आईंकडून 'पश्चिमेला जा' असं परत बोलून घे, नाहीतर मी बाण टाकते. बाण टाकला की नावाडणीशी कोणी बोलणारच नाही, मग तिची वाक्यं काढूनच टाकू. रविवारी सांग." तिचंही खोटं नाही. गेम चालला नाही तर आम्ही सगळेच घरी.

१३ नोव्हें., गुरु.
अम्माला फोनसमोर बसवलं. "पश्चिमेला जा." शाळेत कविता म्हणतात तशी म्हणाली. पुन्हा. पुन्हा. मग फोन सारला.
"हे मी नाही गे. रेडिओतली बाई बोलते. मेले म्हटलं तर काय चुकलं?"
सांगितलं काय चुकलं ते. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "अय्यो, इतके दिवस पुण्याच्या लोकांला मेले मेले सांगत होते मी?" मग, "सरि. तुला बरं दिसते ते कर."
मला काय बरं दिसतं तेच कळत नाही.

१६ नोव्हें., रवि.
मुक्ताने बाण घातलेली प्रत पाठवली, बघून ठरव म्हणाली. अम्मा म्हणे, मीच खेळते. जुन्या प्रतीत तिला कधी गावाच्या वेशीबाहेर पडायला जमलं नाही. आज सरळ नदीपर्यंत. घाटावर नावाडीण बसलेली. बाण तिच्यावरून पुढे गेला, मागोमाग अम्मा. थांबली नाही. मान वर करून बघितलंही नाही. पलीकडे लागली तशी टाळी वाजवली.
"हे बरं आहे गे. कोणाला विचाराय नको."
रडू येईल असं वाटलं. आलं नाही.
थोड्या वेळाने म्हणाली, "पण ह्यात मी कुठं होते?"
"मागे राहिलीस," म्हटलं.
मुक्ताने दोनदा विचारलंय. लिहायला घेतलं, 'बाण राहू दे, पण', आणि तिथेच अडलेय.