होळीसाठी खूण केलेली सावर

मी, जितेश गुणाजी मरवडे, वय एकोणतीस, राहणार खांब, तालुका रोहा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणी धाक घातलेला नाही. येत्या शुक्रवारी मुंबईत माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर हसून बोलले, पण सह्या बऱ्याच घेतल्या.

एक. घरातला माझा हिस्सा बहीण सुरभी हिला. ती नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा थोरला भाऊ आदेश म्हणाला होता, चार दिवस राहा. ते चार दिवस अजून चालू आहेत, तसेच चालू राहावेत.

दोन. शिलाई मशीन, कात्री, कापडाचे तागे सुरभीलाच, कारण गाद्या शिवते तीच. मी नुसता ऑर्डरी फिरवतो. त्याआधी ट्रकवर होतो, गोव्यात हॉटेलात होतो, पेणला मूर्ती घासल्या, टिकलो कुठंच नाही. मग रोह्याच्या दोस्ताच्या, उबेदच्या घरी गेलो. त्याचे वडील कुवेतला, त्यामुळं तिकडच्यासारखी भिंतीलगत जमिनीवरच बैठक. तिथं मी पहिल्यांदा दुपारभर एका जागी बसलो. धंदा त्यातून निघाला. माणसं आली की गाद्या पसरा, गेली की रचून ठेवा. पेणच्या वकीलबाईंनी तर हापिसातल्या खुर्च्या काढल्या. त्या म्हणतात, मांडी घातली की पक्षकाराचा आवाज उतरतो. धाटावच्या एका कंपनीनं शिफ्टच्या माणसांना टेकायला घेतल्या. मोटारसायकल राहिलीच. तीही सुरभीला. ब्रेक आधी बघ गो.

तीन. परसातलं काटेसावरीचं झाड, आमची सावर. माझ्या वाटणीच्या जमिनीत उभी आहे आणि गाद्यांतला कापूस तिचाच. फोमवर घाम येतो, हा कापूस पावसाळ्यातही गठ्ठा होत नाही. पण शेंगा फुटणार वैशाखात आणि होळी आता सोमवारी. आमच्याकडं होळीला सावरच तोडून उभी करतात. टेकाडावरच्या सावरी एकेक करून होळीत गेल्या. मीही खांदा दिलाय, नाचलोय. यंदा दादानं गावकीत बसून आमची देऊन टाकली. मला विचारलं नाही. खोडावर चुन्याची खूणसुद्धा करून आला.

सुरभी मशीनवरून उठली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मग वर्षभर मी गाद्यांत काय भरू?"



तरी ती सावर, खालच्या जमिनीसकट, मी सुरभीला देत आहे.

चार. आदेशला काहीही नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार तोच हवा. थोडा राग आहे, तोही लिहून ठेवतो.

पाच. हे कलम सहीआधी वाढवलं. आदेशनं उभ्यानंच सगळं वाचलं आणि म्हणाला, "म्हंजे तू मेलास तर झाड तिचं. नाय मेलास तर?"

हे मला सुचलंच नव्हतं. होळीला मी नळ्या लावून पडलेला असणार, जिवंत, आणि तोवर हा कागद बिनकामाचा. साक्षीला बोलावलेला उबेद पेन धरून खाली बघत बसला होता. मशीन थांबलं होतं.

मी म्हणालो, "मेलो तर कागद राखील. जगलो तर तूच राख, दादा."

"गावाला काय सांगू?"

मी एक गादी पुढं सरकवली. तो बसला, बराच वेळ. मग सुरभीकडं ओलं फडकं मागितलं. मला वाटलं, घाम पुसायला. तो उठून परसात गेला.

आता तो आलाय आणि सहीसाठी उबेदकडं पेन मागतोय.

ठिकाण : खांब, ता. रोहा
तारीख : २४ फेब्रुवारी २०२६

सही : जितेश गुणाजी मरवडे

आम्हां दोघांच्या डोळ्यांसमोर जितेशनं सही केली :
१. उबेद जमाल मुकादम, रोहा
२. आदेश गुणाजी मरवडे, खांब

(दुसऱ्या सहीवर पडलेला पांढरा डाग चुन्याचा आहे. खाडाखोड समजू नये.)