काचेच्या खोलीतली धाकटीची जागा

मी, खाली सही करणारी, दवाखान्यातून निवृत्त झालेली कंपाउंडर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण आयुष्यभर ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या, त्यांच्यापेक्षा माझं अक्षर अजूनही बरं आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून काही लिहून घेतलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर तो थापा मारतो आहे.

कलम १. राहत्या घराचा माझ्या वाट्याचा पुढचा भाग मुलाला. मागच्या दोन खोल्या माझ्या धाकट्या जावेच्या आहेत. दिरांच्या पश्चात त्या तिच्या नावावर झालेल्या आहेत, त्यांच्याकडे कोणी वाकडा डोळा करून बघू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक सुनेला. मुलाला नाही, कारण त्याच्या हातात पैसा टिकत नाही आणि हे तो स्वतःही कबूल करतो. शिल्लक फार नाही. का नाही, ते कलम चारमध्ये येईल.

कलम ३. औषधं कुटायचा खलबत्ता नातीला. लहानपणापासून तिचा त्यावर डोळा आहे. मात्र तो वापरावा. कपाटात शोभेला ठेवायचा असेल तर देऊ नये.

कलम ४. काचेची खोली. घराच्या पूर्वेचा व्हरांडा माझ्या नवऱ्याने आणि दिरांनी मिळून काचांनी बंद केला, ती ही खोली. दोघे भाऊ आता नाहीत. खोली माझ्या वाट्याला आली, पण उपयोग धाकटीने केला. ती रफूचं काम करते. फाटक्या कोटात असे धागे भरते की फाटलं होतं कुठे, ते मालकालाही सापडत नाही. या कामाला ऊन लागतं. दिव्याखाली काळ्यावर काळा धागा दिसत नाही. तिच्या मागच्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो, म्हणून ती रोज सकाळी काचेच्या खोलीत येऊन बसते. तिने कधी विचारलं नाही, मी कधी हो म्हटलं नाही. आमचा अबोला आहे.

अबोल्याचं कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी भलतंच सांगायला नको. मुलगा शाळेत जायला लागला त्या सुमारास ती पाहुण्यांसमोर म्हणाली, "ताईंच्या चहाला औषधाचा वास येतो." मी सगळे कप उचलून मोरीत ओतले. पुढे तिला वाटलं मी बोलेन, मला वाटलं ती बोलेल. तेव्हापासून ती कात्रीशी बोलते आणि मी किटलीशी. "आभाळ आलंय, कोणाचे तरी कपडे बाहेर आहेत," असं ती कात्रीला सांगते आणि मी कपडे काढते. माझं दुखणं निघालं तेव्हा "डॉक्टरकडे एकटं जाऊ नये," असं कात्रीला बजावून ती चपला घालून दारात उभी राहिली होती.

गेल्या वर्षीच्या वादळात शेजाऱ्याच्या टाकीचं झाकण उडून या खोलीवर पडलं. छपराची काच फुटली, पूर्वेची मोठी खिडकी गेली. शेजाऱ्याने येऊन झाकण तेवढं परत मागितलं. मुलगा म्हणाला, "आई, पाडून टाकू. नवीन करायची ऐपत नाही आणि जुनीत काही राम नाही. गाडी लावायला जागा होईल." गाडी अजून घ्यायची आहे. त्या दिवशी धाकटी कात्रीशीही बोलली नाही. मागच्या अंधारात बसून तिने एका काळ्या कोटात निळा धागा भरला. तो उसवताना मी तिला पाहिलं.

मग पदरमोड केली. नव्या काचेचा भाव ऐकून गुपचूप परत आले आणि आमच्या बंद पडलेल्या दवाखान्याच्या दाराची काच मिळवली, पूर्वेच्या खिडकीसाठी. मिस्त्री बसवायला आला, तर धाकटीनेही बंद झालेल्या कापडदुकानाची काच आणून ठेवलेली, तीही पूर्वेच्याच मापाची! मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "अहो, आपसात एक शब्द बोलला असतात तर एकीने छपराची आणली असती!" शेवटी दुकानाची काच खिडकीला गेली, दवाखान्याची छपरात बसवली आणि उरलेल्या जागी पत्रा ठोकला. दवाखान्याच्या काचेवर लाल अक्षरांत "शांतता राखा" लिहिलेलं आहे. ऊन वर आलं की त्याची सावली धाकटीच्या मांडीवरच्या कापडावर पडते. मिस्त्री पोट धरून हसला. आम्ही दोघी हसलो नाही, निदान एकमेकींसमोर नाही.

तरी ही खोली धाकटीच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहील. मुलाने ती पाडू नये, भाड्याने देऊ नये, तिच्या उन्हाच्या आड गाडीच काय, सायकलही लावू नये. बाळा, तू रागावशील. तुझ्या शाळेच्या पँटचे गुडघे कोण भरत होतं, ते आठव.

कलम ५. शेजाऱ्याला टाकीचं झाकण बांधण्यासाठी जाड तार, माझ्या खर्चाने.

कलम ६. माझ्या पश्चात मुलाने धाकटीला पुढील निरोप द्यावा, माझ्याच्याने तो दिला जात नाही: "खोली तुझीच होती. तू रोज सकाळी समोर येऊन बसलीस, म्हणून माणसं गेल्यावरही मला हे घर खायला उठलं नाही. तुझ्यावर माझा फार जीव आहे."

कलम ७. छपराच्या काचेवरची अक्षरं मिस्त्रीने खरवडून काढावीत.

सही करण्यापूर्वी केलेली दुरुस्ती: वकिलांच्या कारकुनांनी वरचा मजकूर खात्रीसाठी मोठ्याने वाचला. ऊन बरं होतं, म्हणून साक्षीला बोलावलेल्या मिस्त्रीसकट सगळे काचेच्या खोलीत बसलो. धाकटी तिच्या खुर्चीत होती. तिला ऊठ म्हणणार कोण? कलम सहा आलं तेव्हा मी किटलीकडे बघत होते. ती कात्रीला म्हणाली, "मरायची एवढी घाई कोणाला झालीय?" मग तिने कात्री खाली ठेवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमच्या चहाला वास येतो म्हणजे येतोच. आज मी करते."

"साखर बेताची घाल," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, ते मी चष्म्याच्या नंबरावर ढकललं.

सबब कलम सहा रद्द समजावं. निरोप माझ्यादेखत पोचला आहे.

कलम सातही रद्द. चहा झाल्यावर धाकटीने मिस्त्रीला शिडी धरायला लावली आणि उसवायचं ब्लेड घेऊन स्वतः वर चढली. "शांतता" निघाली. मिस्त्रीने खालून विचारलं, "आता 'राखा' पण काढायचं ना?"

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "राहू दे."

लिहून देणार: (सही) जिला सगळी गल्ली कंपाउंडरबाई म्हणते ती
साक्षीदार: १. (सही) मिस्त्री, शिडी धरून झाल्यावर
२. (सही) वकिलांचे कारकून
ठिकाण: धाकटीची काचेची खोली
दिनांक: ९ जानेवारी, ऊन असताना