खड्ड्यातला आवाज

९ जाने., शुक्र.
वाडीच्या एका गोडाऊनात सिनेमाचं ऑडिशन देऊन आलो. आजोबाचा रोल. ओळी पाचच, पण हे गेलं त संपलंच समजा. नाटक कंपनी आता बोलवत नाही. "काका, आराम करा," म्हणते. आराम! मेल्यावर करीनच ना.
कॅमेरा सुरू झाला अन् मी आपला उभा, मान वाकडी, कान खाली. डायरेक्टर पोरगी म्हणे, "काका, फरशीत काय शोधून राहिले?" तिले काय सांगू! झाडीपट्टीत सारी जिंदगी नाटकं केली, पाठांतर कोण करते? स्टेजसमोरच्या खड्ड्यात बापू प्रॉम्प्टर. तो सांगणार, मी बोलणार, टाळ्या मले. बापू गेला. कान अजून खालीच.

१० जाने.
दुपारी डोळा लागला. उन्ह दिवाणावर. बापू खालून बोलून राहिला. मी राजा, डोक्यावर मुकुट, खाली लुंगी. म्हणे, "आता रड." रडलो. उठलो त उशी ओली. बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

१३ जाने.
डायरेक्टर पोरीचा फोन! "काका, तुमचं ते थांबणं आवडलं. सोमवारी शूटिंग. पण ओळी आल्या पाहिजेत, नाहीतर दुसरे काका तयार आहेत." विचारलं, बायकोनं बाजूले उभं राहून सांगितलं तर? "माइकमध्ये आवाज येईल ना."
कुसुम म्हणे, "अजी, मग बिनाआवाजाचं सांगीन."

१८ जाने., रवि.
सकाळपासून तालीम. कुसुम फ्रिजपाशी उभी, नुसते ओठ हलवते. मले पाहावंच लागते. जन्मभर आवाज खालून आला, सांगणाऱ्याचं तोंड कधी पाह्यलंच नाही. हिचं तरी कुठं पाह्यलं? वरच्या ओठावर तीळ आहे. केव्हाचा, विचारायची लाज वाटली.
चार ओळी बरोबर. पाचवी अडकली, मग आली. झालं म्हणून बसायले गेलो, त हिचे ओठ अजून हलूनच राहिले. स्क्रिप्टमध्ये त आणखी काही नाही.
"काय वं?"
हसली. पुन्हा तेच म्हणाली, बिनाआवाजाचं.
समजलं नाही. उद्याच्या पाच ओळी बाजूले ठेवल्या. म्हटलं, "कुसुम, अजून एकडाव म्हण." अन् पाहत बसलो.