अठरा इंचांची फळी

४ जानेवारी

फाटक गप्प झालं! इमारतीचं फाटक. अकरा वर्षं येता-जाता धाडकन आपटत होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटांचा तुकडा, दोन खिळे — बस्स. आमची ही अकरा वर्षं सांगत होती. 'जगाची घड्याळं दुरुस्त करता, आणि आपलं फाटक?' मी म्हणायचो, बघू. आता फाटक गप्प आहे, ही लेकीकडे आहे, आणि कौतुक करायला घरात कुणी नाही.

५ जानेवारी

लेकीचा फोन. मागून हिचा आवाज — 'गोळ्या घेतल्या का विचार.' घेतल्या. फाटकाचं सांगायचं राहूनच गेलं.

९ जानेवारी

नात झाली तेव्हा ही दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. चौदा महिने झाले. नात चालायलाही लागली. आज विचारलंच, कधी येतेस? 'बघू.' माझाच शब्द, मलाच परत! तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींशी मात्र रोज फोनवर अर्धा अर्धा तास गप्पा. मशीनच्या खडखडाटातून वहिनींचं हसणं जिन्यात ऐकू येतं. हेवा वाटतो. साठी उलटल्यावर हेवा — लिहायलाही लाज वाटते, पण वाटतो.

दुकान बंद केल्यापासून हात रिकामे. बोटं थरथरतात, घड्याळाच्या कामाची राहिली नाहीत. खिळे ठोकण्यापुरती आहेत. म्हणून डोक्यात एक खूळ घेतलंय — हिने ज्या ज्या गोष्टींवरून माझं डोकं खाल्लं, त्या सगळ्या नीट करायच्या. मग यायला नको म्हणायला कारणच उरणार नाही.

१३ जानेवारी

हिच्या तक्रारी आठवून आठवून पाचच आठवल्या. पाच! पस्तीस वर्षं मी ऐकत काय होतो मग?

म्हणून जिन्याखाली पेटी लावली. लंबकाच्या जुन्या घड्याळाची, आतलं यंत्र काढून. वर कागद चिकटवला : 'रोजची अडचण लिहा. जमल्यास उपाय करीन.' दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर — शाळेतून निवृत्त झाले, सूचना देण्यातून नाही — म्हणाले, 'खाली सहीची जागा ठेवा.' नाही ठेवली. नावानिशी खरं कोण लिहितं?

१६ जानेवारी

चार चिठ्ठ्या!

गच्चीवरची टाकी भरून वाहते, पंप बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. पत्रं काढताना पत्रपेटीच्या पत्र्याने हात कापतो. 'मास्तरांचं सकाळचं गाणं बंद करायचं यंत्र मिळेल का?' — ही फाडून टाकली. अक्षर मास्तरीणबाईंचं होतं.

चौथी सुट्या सुट्या अक्षरांत, ओळखू येऊ नये अशी : 'जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दम लागतो. गुडघे धरतात. खिडकीखाली बसायला काहीतरी हवं. उंची अठरा इंच. तोंडाने सांगायची लाज वाटते म्हणून लिहिते.'

कोण असेल? वरच्या मजल्यांवर गुडघेवाल्या चार-पाच जणी तरी आहेत. बिचारी. घरातल्यांना सांगता येऊ नये?

२० जानेवारी

टाकीचं काम फत्ते. तेलाचा रिकामा डबा पाण्यावर तरंगतो, डब्याला दोरी, दोरीला माझ्या दुकानाच्या दाराची घंटा. टाकी भरत आली की घंटा वाजते आणि ज्याच्या कानावर पडेल तो पंप बंद करतो. सगळी इमारत गच्चीवर बघायला आली होती. मास्तरांनी छोटंसं भाषणही ठोकलं.

धावत येऊन फोन लावला. हिलाच द्यायला सांगितला. 'आपली टाकी वाजते आता!' म्हटलं.

ही म्हणाली, 'आणि जिना?'

'जिन्याला काय झालंय?'

'काही नाही. ठेवते, नात उठली.'

तोंडभरून शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी

दुसऱ्या वळणावर फळी बसवली. घडीची, बिजागऱ्यांवर — नको तेव्हा भिंतीला लागून उभी, कुणाच्या वाटेत नाही. चिठ्ठीत अठरा इंच म्हटलं होतं, मी चौदावर ठोकली. बसण्यातलं मला कुणी शिकवू नये! चाळीस वर्षं चौदा इंचांच्या स्टुलावर काढली. घड्याळवाला खालीच बसतो, टेबल छातीशी आलं तरच बारीक स्क्रू दिसतात.

२५ जानेवारी

उद्घाटनाला मास्तर बसले. उठता येईना! एका हाताला मी, दुसऱ्या हाताला मास्तरीणबाई. 'ही फळी आहे की उंदराचा पिंजरा?' मास्तर. बाईंना हसू आवरेना, आणि शेवटी मलाही. वहिनी तळमजल्यावरून विचारत होत्या, 'भाऊ, काय झालं?' सगळी हकीकत त्यांना सांगितली.

२६ जानेवारी

पेटीत नवी चिठ्ठी. तेच सुटं अक्षर. 'अठरा म्हणजे अठरा.'

बाई भारीच ठसक्याची आहे!

२८ जानेवारी

फळी चार इंच वर घेतली. भोकं नवीन पाडली, जुनी लांबीचा लगदा भरून बुजवली. भार घेते का बघायला बसलो आणि बसूनच राहिलो.

भाजीची पिशवी घेऊन ही रोज इथेच थांबायची. मी वरून कठड्यावरून ओरडायचो, 'खिडकीत सिनेमा लागलाय का?' ही खालून म्हणायची, 'हो, तुम्हीही या की बघायला.' एकदाही गेलो नाही.

आज त्या खिडकीतून पाहिलं. समोर भिंत. एक पाइप. अर्धी वाळत घातलेली चादर. बघण्यासारखं काही नाही. तरी तासभर हलावंसं वाटेना. हिची इतकी आठवण आली, की जिन्यातच रडलो. कुणी आलं नाही, बरं झालं.

१ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ही बोलायला आली नाही. 'आईचे गुडघे जरा धरलेत, बाबा. नेहमीचंच.' नेहमीचंच? मला कुणी कधी सांगितलं?

२ फेब्रुवारी

माळ्यावरचा डबा काढायला हिचं ओट्याजवळचं स्टूल ओढलं. टेप खिशातच होती. सहज लावली.

अठरा.

टेप हातात घेऊन तसाच खाली वहिनींकडे गेलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन थांबवलं. 'मी फक्त लिहून पेटीत टाकलं, भाऊ. त्यांनी फोनवर सांगितलं तसं. शपथ घातली होती मला.' आणि नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून हिचा आवाज, घाईघाईने — 'वहिनी, केली का हो यांनी नीट अठरा?'

'केली,' मी म्हटलं. 'ये.'